दार उघडं आहे

“वहिनी, आता कशालाही हात लावू नका. इथूनच बंद करून बघतो.”

फोनवर शहरातल्या रेडिओ केंद्राचे इंजिनिअर होते. वहिनींनी फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला आणि त्या ट्रान्समीटरपासून मागे सरल्या. कपाटाएवढ्या त्या यंत्राचे पंखे मंदावले, थांबले. टेकडीवरची ती खोली एकदम सुनी झाली. मग कुणीही बटण न दाबता पंखे पुन्हा घरघरू लागले.

“झालं की!” नव्या तारा जोडायला आलेली तंत्रज्ञ मुलगी स्टुलावरून उतरली. “आता तापमान, पॉवर, सगळं त्यांना बसल्या जागी दिसणार. तुम्ही सुटलात, मावशी.”

“हो,” वहिनी म्हणाल्या.

सोमवारपासून त्यांना शहरातल्या ऑफिसात बसायचं होतं. लेक खूश होती. आपल्याला काय वाटतंय हे वहिनींनी एकदोनदा चाचपून पाहिलं होतं. हाताला काहीच लागलं नव्हतं.

ही नोकरी नवऱ्याच्या जागेवर मिळालेली. तो याच यंत्रात हात घातलेला असताना गेला. पुढे त्या त्याच्या खुर्चीत बसल्या, मागचं दार उघडून आतली धूळ पुसू लागल्या, तेव्हा लोक म्हणाले, बाईचं काळीज दगडाचं आहे. तसं काही नव्हतं. पोर लहान होती, आणि धूळ बसत होती.

मुलगी आता त्या मागच्या दाराच्या चौकटीला बाहेरून एक छोटा खटका बसवत होती. “दार उघडलं रे उघडलं की वीज तुटणार आणि तिकडे घंटा वाजणार. पूर्वी नव्हती का अशी सोय?”

“घंटा नव्हती. वीज तुटायची. ह्यांनीच तो खटका तारेनं बांधून टाकला होता.”

“अहो, पण का?”

“दार उघडलं की कार्यक्रम बंद पडायचा. बंद पडला की तिकडून शिव्या. भिडस्त माणूस.”

बाजारभाव सांगावेत तशा आवाजात वहिनींनी हे सांगितलं. मुलीचा हात थांबला. टेबलावरचा फोन चालूच होता. पलीकडचे इंजिनिअर वहिनींच्या नवऱ्याच्या बरोबरीचे. त्याला खांदा देणाऱ्यांत ते होते.

खटका बसल्यावर ते म्हणाले, “वहिनी, तेवढं दार उघडून बघता?”

वहिनींनी दार उघडलं. सगळं गप्प झालं. फोनमध्ये घंटा वाजली.

“दिसलं. लगेच दिसलं, वहिनी.”

“बरं झालं.”

मुलीनं अर्थिंगचा दांडा आत टेकवून उरलीसुरली वीज जमिनीत उतरवली, सगळं तपासलं आणि म्हणाली, “लावू या दार? कार्यक्रम बंद आहे.”

वहिनी आत पाहत होत्या. “कोपऱ्यात धूळ आहे. सोमवारनंतर कोण पुसणार?”

“पुसा,” फोनमधून आवाज आला. “निवांत पुसा. मी आहे इथे.”

वहिनींनी कोरडं फडकं घेतलं आणि गुडघे टेकून बसल्या. एवढ्या मुलखातले रेडिओ मुके झाले होते. त्यांनी घाई केली नाही. खालचा कोपरा पुसला, मग मागची पट्टी, मग खांदा आत घातल्याशिवाय हात पोचत नाही ती जागा. फोनच्या पलीकडे कुणीतरी वैतागून विचारत होतं, अजून किती वेळ?

“लागेल तेवढा,” इंजिनिअर म्हणाले.