हलीमाबीच्या दुकानातली हातोडी

मी हातोडी बोलतेय. गोड ऐकायचं असेल तर आरशापुढे जाऊन बसा. मला एकच काम येतं, घाव घालायचं, आणि ते मी जन्मभर मान वर करून केलं. फक्त एका घावाची मला लाज वाटते. तोच सांगायला तोंड उघडलंय.

जन्म माझा अचलपूरचा. ट्रकच्या मोडक्या ॲक्सलचा तुकडा लोहारानं भट्टीत लाल केला, सांडशीत धरला आणि दोन गड्यांनी घणानं बडव बडव बडवला. तेलात बुडवला तेव्हा मी किंचाळले. मार खाऊनच मला हे तोंड आलं.

माझी पहिली मालकीण सुभद्रा. तिवश्याकडची. गावोगाव फिरून पाट्याला, जात्याला टाकी लावायची. वाटून वाटून गुळगुळीत झालेला पाटा छिन्नीनं पुन्हा खडबडीत करायचा, हा तिचा धंदा. छिन्नी पुढं, मी मागं. पण हात लावण्याआधी ती माझ्या टोकानं दगडावर हळूच ठोकायची आणि कान द्यायची. खणखण वाजला तर बसायची. बद्द वाजला तर उठायची. "चिरला हाय बाई. याले टाकी लावली तं चटणीसंगं गोटे खासान." बायका भांडायच्या, शिव्या द्यायच्या. सुभद्रा ऐकायची नाही.

मग घरोघर मिक्सर आले. सुभद्राच्या हाका गल्लीत तशाच विरायला लागल्या. एक दिवस ती अकोल्यात हलीमाबीच्या दुकानात आली, मला काउंटरवर आपटलं आणि म्हणाली, "हे घे अन् मले एक बटणाचा फोन दे. पोरगी सुरतेले हाय. तिच्याशी बोलाचं हाय."

हलीमाबीनं फोन दिला. वर सिम टाकून दिलं. अशी मी मोबाइलच्या दुकानात आले.

हलीमाबी साठीची. शाळा पाहिली नाही. नवरा गेल्यावर त्याच्या बंद दुकानाचं शटर तिनं स्वतः वर केलं आणि फोन खोलून खोलून शिकली. इंग्रजी अक्षरं ती फोनच्या खोक्यांवरून शिकली. कोणी विचारलं, "चाची, मेकॅनिक कुठाय?" की ती म्हणायची, "तुह्यापुढं उभी हाय. डोळे घरी ठेवून आला का?"

कंपन्यांची एक खोड आहे. फोन धडधाकट असतो, पण तीन-चार वर्षांत त्याला नवीन अपडेट देणं बंद करतात. फोन मरत नाही, त्याला उपाशी ठेवतात. हलीमाबीला याचा भारी राग. ती कंपनीची सिस्टीम पुसून टाकायची आणि जगभरच्या लोकांनी मिळून बनवलेली, फुकटातली दुसरी सिस्टीम घालायची. दुकानाच्या भाषेत याला 'सॉफ्टवेअर मारणं' म्हणतात. शब्द मला आवडला.

पण कोणत्या फोनला मारायचं? खरी अक्कल तिथं लागते. जुनी सिस्टीम पुसता येऊ नये म्हणून कंपनी फोनला आतून कुलूप घालते, ते उघडू दिलं पाहिजे. त्या मॉडेलची नवी सिस्टीम कुणीतरी अजून सांभाळत असलं पाहिजे. आणि नावावर जायचं नाही. एकाच नावाचे दोन फोन, आत चिप वेगळी! या चुकीपायी हलीमाबीनं सुरुवातीला तीन फोन मारायचे ते मारूनच टाकले. तेव्हापासून आधी पाठ उघडायची, चिपवरचा नंबर भिंगातून वाचायची, मगच हात लावायची. जे नापास, त्यांची बॅटरी काढून वाळूच्या घमेल्यात टाकायची आणि उरलेला सांगाडा माझ्यापुढे ठेवायची. कुणाचे फोटो भंगारात फिरू नयेत म्हणून मी त्यांचा चुरा करायचे. बॅटरी आत असलेल्या फोनवर तिनं मला कधी उचललं नाही. सुतळी बॉम्बला हातोडी मारतं का कोणी?

एका दुपारी वर्षाली आली. माहेर अकोल्यात, आईसोबत बाजारात शेवंती-झेंडू विकायची. सासर नांदगाव खंडेश्वर. नवऱ्याला सोडून पाच महिने झाले होते. कानामागे जुना व्रण होता, तो केसांनी झाकायची.

"चाची, फोन गरम होते. बॅटरी टिकत नाही."

हलीमाबीनं पाठ उघडून फोन पाहिला आणि तिचे डोळे चमकले. कुलूप उघडणारा, चिप बरोबर, पडदा अभंग. "हजारात एक हाय हा. याले मी दहा वर्षं जगवते." मग ती आत शोधत गेली आणि तिचा चेहरा बदलला. "पोरी, तुहा नवरा तुले कुठं कुठं भेटते?"

"कुठंही. दवाखान्यात, स्टँडवर. त्याले कसं समजते, मलेच नाही समजत."

"यानं समजते. त्यानं यात ॲप लपवून ठेवलं हाय. तू बसली कुठं, उठली कुठं, सारं त्याले दिसून राहिलं."

वर्षाली दाराकडं वळून पाहत रडायला लागली.

"रडू नको वं. आत्ता पुसून टाकते. नवं सॉफ्टवेअर मारते, त्याचा बापही हुडकू शकत नाही तुले." हलीमाबीनं वायर लावली, बोट बटणावर नेलं.

"चाची, नका मारू!" वर्षाली ओरडली. "त्याच्यात तो हाय. मले मारताना. अकरा रेकॉर्डिंग हायेत. वकीलबाई म्हणाल्या, कॉपी देली तं तिकडचा वकील म्हणन खोटी हाय. मूळ फोन पाहिजे, जसाच्या तसा. सोमवारी तारीख हाय."

हलीमाबीचं बोट तिथंच थांबलं. दुकानातला सगळ्यात लायक फोन, आणि त्यालाच हात लावायचा नव्हता. लावला तर पोरगी सुटेल पण पुरावा जाईल. ठेवला तर पुरावा राहील आणि नवरा मागावर राहील. तिनं फोन बंद केला, पाठ बसवली, बॅटरी काढली नाही, तसाच बिस्किटाच्या डब्यात टाकला. मग ढिगातून एक दुसरा निवडला. पाठ फुटलेली, कॅमेरा धूसर. "दिसाले भिकार हाय, पण याचं नवं सॉफ्टवेअर पक्कं हाय. हा तुहा. तो डबा मी संध्याकाळी वकीलबाईच्या हातात देते."

नव्या फोनचा पडदा उजळेपर्यंत वर्षाली थांबली. तेवढ्यात कुंदन आला. तिचा नवरा. फोन बंद झाला तरी शेवटचं ठिकाण त्याला दिसलं होतं. तिच्या मागावर अकोल्यातच फिरत होता, मोटरसायकल दामटत आला, अंगावर धूळ.

"माह्या बायकोचा फोन कुठाय?"

"बायको तुही असंन," हलीमाबी म्हणाली, "दुकान माहं हाय. खाली उतर."

वर्षालीची नजर डब्याकडे गेली. एवढी एक चूक तिच्याकडून झाली. कुंदननं डबा ओढला, फोन काउंटरवर टाकला आणि मला उचललं.

"अरे बॅटरी हाय त्याच्यात!" हलीमाबी किंचाळली. त्याला ते कुठलं कळतं? त्यानं घातला घाव. फोन फुगला, फुसकारला आणि पेटला. अकरा वेळचा त्याचा आवाज माझ्या तोंडाखाली जळाला. वर्षालीनं जळता फोन ओढायला हात पुढं केला, आणि त्यानं मला पुन्हा वर नेलं.

सुभद्रासोबत मी दगडाचे सगळे आवाज शिकले होते. हाडाचा त्या दिवशी ऐकला. मनगट होतं. ओल्या काडीसारखं मोडलं. हात त्याचा होता हे खरं, पण तोंड माझं होतं. ही माझी लाज.

तिसरा घाव तिच्या डोक्यावर आला असता. हलीमाबीनं वाळूचं घमेलं उचललं आणि सगळी वाळू त्याच्या डोळ्यांत फेकली. मग रिकामं घमेलं त्याच्या तोंडावर हाणलं, एकदा, दोनदा. तो पडला तेव्हा शेजारच्या दुकानांतली माणसं धावली आणि त्याच्यावर बसली. सांडलेली वाळू ओंजळीनं भरून हलीमाबीनं आग विझवली.

पोलीस आले. एका हवालदारानं मला उचललं, नाक मुरडलं. "रगत लागलं हाय. पुसून घेतो."

"पुसू नको बापा!" हलीमाबी गरजली. "पुसशील तं पहिली केस तुह्यावर टाकीन. त्याच्या बोटाचे ठसे दांड्यावर हायेत, पोरीचं रगत तोंडावर. फोन जळला. आता हेच हाय आमच्यापाशी."

हवालदार वरमला. मला कापडात गुंडाळलं, लाख लावली, चिठ्ठी बांधली. तपासणीसाठी अमरावतीला जाऊन आले. आता ठाण्याच्या मालखान्यात आहे. शेजारी एक कोयता, दोन काठ्या. आम्ही एकमेकांना काही विचारत नाही.

बातम्या इथं दारावरच्या बोलण्यातून कळतात. कुंदन जामिनावर सुटला. बाजारात, स्टँडवर वर्षालीला हुडकत फिरतो, पण ती त्याला सापडत नाही. पाठफुटका फोन तिचा पत्ता कुणाला सांगत नाही. मनगट वाकडं जुळलं, आता डाव्या हातानं हार गुंफते म्हणे.

तारखा पुढं पुढं जातात. मालखान्यात पाणी गळतं, उंदीर कापड कुरतडतात, आणि गंज मला ओळखीचा आहे. तो रक्ताच्याच रंगाचा असतो, दोन्ही मिसळले की वेगळे काढता येत नाहीत. म्हणून ठाणेदारसाहेब, विनंती नाही, बजावून सांगतेय. मला कोरड्या जागी ठेवा. गंज चढायच्या आत कोर्टात नेऊन टेबलावर ठेवा, कुंदनच्या पुढ्यात. आणि हाच दांडा त्यानं कसा धरला होता, ते त्याला सगळ्यांदेखत विचारा.