कानशिलावरची काळी गाठ

"निघाली! गाठ निघाली!"

टायरच्या दुकानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये एकच गलका झाला. विरघळबाबांनी एका म्हाताऱ्याच्या कानशिलावरून फिरवलेला ओला बोळा काळानिळा पडला होता. बाबांनी तो उंच धरला, मग ग्लासातल्या 'जीवनजला'त बुडवला. बघता बघता काळेपणा नाहीसा झाला. म्हाताऱ्याने लुळा पडलेला हात वर केला. बायकांनी डोळे पुसले.

"मेंदूतली गाठ कातडीतून ओढली, पाण्यात विरघळवली!" बाबा गरजले. "डॉक्टर काय करतो? सुई टोचतो! सुई लागलेल्याला आम्ही शिवत नाही!"

तेवढ्यात ताई धापा टाकत आत शिरली. शाळेत ती विज्ञानाचा तास घेत असताना भावजयीचा फोन आला होता. शिंपीकामाच्या दुकानात वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या, हातून कापड बेतताना कात्री गळून पडली, तोंड वाकडं झालं, आणि धाकट्या भावाने त्यांना इकडे आणलं. अण्णा बाकावर टेकून बसले होते. उजवा हात मांडीवर दुसऱ्या कुणी आणून ठेवल्यासारखा पडला होता.

"अर्धांगाचा झटका आलाय आणि दवाखाना सोडून इथे? अक्कल गहाण टाकलीस का रे?"

"ताई, हळू बोल. पुढचा नंबर आपलाच. अण्णा ब्याऐंशीचे आहेत. ते रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन डोक्यात रक्तस्राव करतं म्हणे. या वयात जिवाशी खेळ कशाला?"

"धोका आहेच. पण तो डॉक्टर स्कॅन बघून तोलतील. आणि ते साधारण साडेचार तासांच्या आतच देतात. कधी झालं हे?"

"दुकान उघडल्यावर. दोन तास झाले असतील."

अण्णांनी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. नुसती लाळ आली. ताईने त्यांच्या काखेत हात घातला, तोच बाबांचा सेवक आडवा आला. "ओ बाई, कानशिलाला पूड लागलीय. आता उठवलं तर गाठ काळजात उतरते!"

धाकट्याने घाबरून अण्णांना परत खाली दाबलं.

ताईचं डोकं फिरलं. तिने कानशिलावरची पांढरी पूड चिमटीत चोळली. बाबा नवा बोळा तपकिरी अर्कात भिजवत होते, त्याचा वास तिला पक्का ठाऊक होता. तिने तो बोळा हिसकावला आणि बाबांच्या कडक खळ केलेल्या बाहीवर फर्रकन ओढला.

बाही काळीनिळी झाली.

"अगंबाई! बाहीला झटका आला की!" मागून कुणीतरी खिदळलं.

"ही पूड म्हणजे स्टार्च," ताई ओरडली. "बाहीच्या खळीतही तोच. अर्क म्हणजे जखमेला लावायचं आयोडीन. दोन्ही भेटले की हा रंग. आणि जीवनजलात क जीवनसत्त्वाची गोळी टाकली असणार, ती रंग घालवते. माझी आठवीची पोरं दरवर्षी हे करतात. त्यातला एकही स्वतःला बाबा म्हणवत नाही!"

"मग माझा हात कसा हलला?" म्हाताऱ्याने विचारलं.

"गाठ कधीकधी आपली आपणच सुटते, आजोबा. पण ती मोठ्या झटक्याची सूचना असते. तुम्हीही आमच्याबरोबर चला."

"पाखंडी बाई! तुझ्या घराचं वाटोळं..." बाबांचा शाप पुरा व्हायच्या आत धाकट्याने अण्णांना उचललं होतं. "सरका!" तो सेवकावर खेकसला.

रुग्णालयात केलेल्या स्कॅनमध्ये रक्तस्राव नव्हता. "नुसतं वय बघून आम्ही नाही म्हणत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी धोका न लपवता सांगितला. धाकट्याने मान डोलावली. इंजेक्शन सुरू झालं.

दुसऱ्या दिवशी अण्णा अडखळत बोलले, हातही उचलला. पण महिन्यानंतरही कात्रीच्या कडीत अंगठा घातला की तो थरथरायचा.

"थेट आणलं असतं तर?" धाकट्याने विचारलं.

"किती फरक पडला असता, सांगता येत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण मेंदूच्या पेशी मिनिटामिनिटाला मरत असतात. मेलेल्या परत येत नाहीत."

अण्णांच्या कानशिलातून बाबाने काही काढलं असेल, तर ते दोन तास. ते कुठल्याही पाण्यातून परत निघत नाहीत.

आज ती शेड बंद आहे. पण पूड स्वस्त आहे आणि कानशिलं पुष्कळ. म्हणून एवढं करा: तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, जीभ अडखळली, की घड्याळ बघा आणि थेट रुग्णालयात जा. माणूस विशीतला असो की नव्वदीतला. वाटेत आपोआप बरं वाटलं, तरी माघारी फिरू नका.