बेकरीवाल्या काकांची साक्ष

सरांना आम्ही पाठीमागे 'तळटीप' म्हणायचो. चहा मागितला तरी दोन संदर्भ देतील असा माणूस. युद्धाच्या कायद्यावर त्यांचा शब्द शेवटचा. त्यांच्या हाताखाली काम मिळालं तेव्हा आईने शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगून सांगून त्यांचे कान किटवले.

माझं काम साक्षी घेण्याचं. लढाई थांबलेल्या भागात जायचं, हल्ल्यांतून वाचलेल्यांना भेटायचं, बोलणं रेकॉर्ड करून उतरवून काढायचं.

एका बेकरीवर बॉम्ब पडला होता. सकाळची वेळ, पावासाठी रांग. एकोणीस माणसं गेली, त्यांत बेकरीवाल्या काकांची बायको आणि भावजय. काका दोन तास बोलले. मध्येच थांबून ते टेबलावरचं नसलेलं पीठ हाताने झटकायचे.

सरांच्या यादीत एक प्रश्न होता, तो मी विचारला. "हत्यारबंद माणसं यायची का तिथे?"

"यायची की. रांगेत उभी राहून पाव न्यायची. खोटं कशाला बोलू, ताई? भूक त्यांनाही लागते."

सात महिन्यांनी सरांच्या लेखाचा खर्डा माझ्याकडे आला, शुद्धलेखन तपासायला. चौदाव्या पानावर लिहिलं होतं: 'बेकरीमालकाच्या स्वतःच्या कबुलीनुसार ही जागा सशस्त्र गटाच्या नियमित रसदीचा भाग होती. सबब ती लष्करी लक्ष्य ठरते.' एकोणीस माणसं खाली तळटिपेत होती, एका ओळीत.

कबुली! माझ्या तोंडाला पाणी सुटलं, ओकारीच्या आधी सुटतं तसं.

मी तशीच आत गेले. सर संत्रं सोलत होते.

"सर, काका असं म्हणालेच नाहीत."

"शब्द त्यांचेच आहेत. तूच उतरवलेस."

"पाव विकणं म्हणजे रसद? मग त्या हत्यारबंद माणसांचे केस कापणारा न्हावीही लक्ष्य?"

"वा! हे घालू या शेवटी, रंगत येईल." ते मनापासून हसले. "अगं, हल्ला बेकायदा होता असं सगळेच लिहितात. त्यात नवीन काय? नवा मुद्दा असला तरच लेख वाचला जातो."

त्यांनी एक फोड माझ्यापुढे धरली. बोटांवरून रस ओघळत होता. मी बाहेर आले आणि बेसिनपर्यंत कशीबशी पोचले.

शनिवारी मी बस पकडून काकांकडे गेले. ते पान वाचून दाखवलं. त्यांनी टेबलावरचं नसलेलं पीठ पुन्हा झटकलं.

"ती माणसं यायची नाहीत, असं म्हणायला हवं होतं का मी?"

"नाही हो, काका. तुम्ही खरं तेच बोललात. प्रश्न मी विचारला, आणि तो कशासाठी आहे हे मी सरांना विचारलं नाही."

"मग माझं बोलणं मला परत द्या."

संमती मागे घेत असल्याचा अर्ज मी लिहिला, त्यांनी सही केली. संशोधनातली नीती पाहणाऱ्या विद्यापीठाच्या समितीने तीन आठवडे घेतले आणि लेखातून साक्ष काढून टाकण्याचा आदेश दिला. सरांनी कुरकूर न करता ती काढली. तिच्या जागी लिहिलं, 'स्थानिक सूत्रांनुसार'. निष्कर्षाला धक्काही लागला नाही. लेख छापून आला, परिसंवादात टाळ्या पडल्या. समितीची अध्यक्ष बाई पहिल्या रांगेत होती. तीही वाजवत होती.

मी राजीनामा दिला. आई चार दिवस बोलली नाही.

आता मी त्या एकोणीस जणांच्या नातेवाइकांच्या वकीलबाईंकडे काम करते. त्यांच्या दाव्यात समोरच्या पक्षाने सरांचा लेख पुरावा म्हणून जोडलाय, आणि त्याचा मुद्देसूद प्रतिवाद लिहायचं काम माझ्याकडे आहे. काकांनी पूर्ण साक्ष कोर्टात द्यायची तयारी दाखवली आहे. लिहिण्यासाठी तो लेख रोज उघडावा लागतो. भाषा इतकी स्वच्छ, इतकी सभ्य, की वाचताना अंगावर काहीतरी सरपटल्यासारखं होतं. मी पान मिटते, तोंड धुऊन येते आणि पुढचा परिच्छेद घेते.