आडवी कापलेली पट्टी

माझा एलिसेओ दोन वर्षांनी गावात आला आणि घरात पाऊल न ठेवता थेट शेतावर गेला, मोजणीदाराला घेऊन. मी चुलीवर मिरच्या भाजत होते. पाटकरी कासिमिरो धावत सांगायला आला, "डोन्या एउफेमिया, पोरगा तुमचा लाल झेंड्या रोवतोय. आडव्या!"

तशीच निघाले.

माझ्या आजोबांचा बाप्तिस्मा झाला तेव्हा आमचं गाव न्यू मेक्सिकोत होतं, लग्न झालं तेव्हा कोलोरॅडोत. ते मात्र एकाच मातीच्या घरात म्हातारे झाले. सरकारं बदलली, पण आमची वाटणी बदलली नाही. जमीन उभीच चिरायची. पट्टी कितीही अरुंद होवो, प्रत्येक लेकराला वर रस्ता, मध्ये पाट, खाली नदी मिळालीच पाहिजे.

"हे काय चालवलंयस?" मी विचारलं.

"चार प्लॉट पाडतोय, आई. बाबांनी दिलेला माझाच हिस्सा आहे."

"पाट एकाच प्लॉटातून जातो. बाकीचे तिघे काय थुंकी लावून पिकवणार?"

"पिकवतंय कोण? बोअर मारतील. तिकडे डेन्व्हरला माणसांना घरं पुरेनात."

"मग उभ्याच चार पट्ट्या पाड."

"सोळा पावलांची पट्टी कोण घेणार? घर बांधलं तर अंगणात तिरकं चालावं लागेल." मोजणीदार हसला. मी पाहिलं तसा झेंड्या मोजू लागला.

एलिसेओने आवाज खाली आणला. "शाळा बंद पडली म्हणून तूच रडतेस ना? चार बिऱ्हाडं आली तर पोरं येतील."

ते खोटं नव्हतं. सगळं राज्य फुगत चाललंय आणि आमच्या गल्लीत धूर निघतो तो तीन घरांतून. माझी पाचही पोरं त्या फुगणाऱ्या शहरांकडेच निघून गेली. कुणाला दोष देऊ?

त्याने शेवटची झेंडी माझ्या हातात दिली. "तू रोव, आई. तुझ्या हाताने होऊ दे."

मी ती त्याच्या खिशात खुपसली.

"जमीन तुझी, वीक. पण तिघांना कोरडं ठेवून तू शेजार वसवतोयस, एलिसेओ. ते पाण्यावरून भांडतील आणि शिव्या तुझ्या बापाच्या नावाने देतील. तुला डेन्व्हरला ऐकू यायच्या नाहीत. मला येतील."