मनुबाई होडी आणि वाळूचा दांडा

वाचक मित्रांनो, सावध चित्ताने ऐकावे. या ठिकाणी एका होडीचा जीवनवृत्तांत तिच्याच मुखाने सांगण्यात येत आहे. त्यात उन्हाळ्याच्या सुट्टीतील मौज आहे, त्याचप्रमाणे रक्तपात आहे, एक मोडलेली शपथ आहे आणि एका परगावच्या पाहुणीचा मृत्यू आहे. जे घडले त्यातील काहीही झाकून ठेवले जाणार नाही, अशी खात्री बाळगावी.

मी एक जुनी होडी आहे. माझे नाव मनुबाई. डोंबिवलीच्या पश्चिमेस खाडीच्या काठी जो कोळीवाडा आहे, तेथे माझा जन्म झाला. हिरू कोळी नावाच्या सज्जन गृहस्थाने मला बांधून घेतले आणि आपल्या दिवंगत पत्नीचे नाव मला दिले. होडीच्या पुढच्या उंच टोकाला नाळ म्हणतात. ते होडीचे मस्तक होय. हिरूने माझ्या नाळेला हळदकुंकू लावले, नारळ वाढवला आणि आपल्या दोन्ही मुलांना, थोरल्या दामाजीला व धाकट्या गोमाजीला, जवळ बोलावून सांगितले, "पोरांनो, ही तुमची आय. हिच्या डोक्यावर हात ठेवून खोटा बोलू नका. बोललात तर पानी तुमाना सोडनार नाय."

त्या दिवसापासून कोळीवाड्यातील कोणीही माझ्या नाळेवर पाय ठेवला नाही, आणि नाळेवर हात ठेवून उच्चारलेला शब्द कोणी पडताळून पाहिला नाही. पडताळणे म्हणजे आईला खोटी म्हणणे, असा तेथील समज होता.

माझ्या तारुण्याची वर्षे मासेमारीत गेली. पुढे खाडीचे पाणी बिघडले. कधी तांबडे, कधी काळे पाणी येऊ लागले आणि मासळी पोट वर करून तरंगू लागली. जी थोडी उरली तिच्यासाठी माणसे एकमेकांची जाळी कापू लागली. मी स्वतः पाहिले आहे, एका जाळ्यापायी सख्ख्या शेजाऱ्याने शेजाऱ्याच्या मांडीत कोयता मारला व त्याचे रक्त माझ्या फळ्यांवर वाळले. अशा दिवसांत हिरू मरण पावला.

तेव्हा दामाजीने नवीन धंदा शोधून काढला. मित्रांनो, उन्हाळ्यात शहरातील लोक गावी जातात हे खरे. परंतु पुष्कळ गावचे लोक उलट शहराकडे येतात. घाटावरून, कोकणातून आलेले हे पाहुणे डोंबिवलीतील चाळीत भावाकडे किंवा मामाकडे उतरतात. त्यांना राणीची बाग दाखवतात, म्हातारीचा बूट दाखवतात, मत्स्यालय आणि चौपाटी दाखवतात. मुंबई पाहून पाहुण्यांचे पाय सुजले आणि यजमानाची रजा संपली, की शेवटच्या दिवशी जवळच्या जवळ काय दाखवावे असा प्रश्न पडतो. त्या प्रश्नाचे उत्तर मी होते.

आमच्या खाडीच्या मध्यावर वाळूचा एक लांब दांडा होता. भरतीला तो दिसत नसे. ओहोटी लागली की तो हळूहळू वर येई व दोन तास उघडा राही. दामाजी तिथी मोजून ओहोटीची वेळ काढी आणि पाहुण्यांना माझ्यातून त्या दांड्यावर नेई. चहूकडे पाणी आणि मध्ये आपण! म्हाताऱ्या बाया पदर खोचून धावत. लहान मुले गुडघाभर पाण्यात लोळत. कडेचे पाणी फार लांबपर्यंत कमरेच्या वर जात नसे. आम्ही समुद्राच्या मधोमध चालून आलो, असे लोक गावी जाऊन सांगत. त्या चार उन्हाळ्यांत जेवढे कौतुक माझ्या वाट्याला आले, तेवढे एखाद्या आगबोटीच्याही वाट्याला आले नसेल.

परंतु त्या दांड्यावर दुसऱ्या एकाचीही नजर होती. ती गोमाजीची.

गोमाजी रेतीच्या बोटीवर डुबी मारी. म्हणजे बांबू धरून खाडीच्या तळाला जायचे, बादलीत रेती भरायची आणि छाती फुटेपर्यंत वर यायचे. दिवा स्टेशनापासून कल्याणपर्यंत इमारती उठत होत्या आणि रेती सर्वांना हवी होती. बाकीचे तळ उपसून झाले. दांड्याची रेती मात्र स्वच्छ व वरच्यावर होती.

सन १९८८ च्या वैशाखात एके सकाळी गोमाजी फावडे घेऊन माझ्याजवळ आला. दामाजी माझ्या बुडाला डांबर लावीत होता.

"दादा, दांडा आता आमाना दे. बाकी रेती खलास झाली."

"दांडा काय माझे बापाचा हाय?"

"बापाचाच हाय! तुझे बापाचा तो माझे बापाचा. तू चार बायांना गोल गोल फिरवतोस, त्याना धंदा बोलतोस?"

"तिथं पोरा खेलतात, गोम्या. तू खड्डा पारलास तर एखादा जाईल."

"जाईल तर जाईल. घाटावरची मानसा पाण्यात मरावाला येतात कशाला?"

दामाजीने डांबराचा उकळता डबा भावाच्या पायांवर ओतला. गोमाजीने आरोळी ठोकली आणि फावड्याचा फटका दामाजीच्या कपाळावर मारला. कातडी सोलून भुवईवर लोंबू लागली. दोघेही चिखलात पडले. दामाजीने त्याचा गळा धरला, गोमाजीने त्याच्या दंडाचा लचका तोडला. वाड्यातील माणसे गोळा झाली, पण मध्ये पडायला कोणी धजेना. शेवटी दामाजीची बायको भागीरथी धावत आली व तिने दोघांच्या तोंडांवर मासळी धुतलेल्या पाण्याची बादली रिकामी केली.

"मारा! मारा!" ती ओरडली. "एक मेला की दुसऱ्याना फाशी. मंग मी आनि माझी जाऊ दोघी मिळून तुमचा बारावा घालतो. लाजा नाय वाटत, आयच्या समोर?"

आई म्हणजे मी. दोघेही थांबले. भागीरथीने गोमाजीचे मनगट धरून त्याचा उजवा हात माझ्या नाळेवर ठेवला.

"बोल. मिरगापर्यंत दांड्याला शिवाचा नाय. पावने गेले की मंग काय ता बघा."

गोमाजी धापा टाकीत म्हणाला, "मिरगापर्यंत शिवाचा नाय. आयची आन."

त्याच्या हाताचा तळवा गरम होता. मला खरे वाटले. मला वाटले म्हणून दामाजीलाही वाटले, असे मी म्हणत नाही. परंतु त्याने पुन्हा त्या विषयाचा उच्चार केला नाही.

अठराव्या दिवशी शपथ मोडली. त्याच्या आदल्या दिवशी रेतीच्या ठेकेदाराने रिकामी बोट परत आलेली पाहून गोमाजीला सगळ्या मजुरांसमोर ओल्या दोराने झोडपले. त्याच्या पाठीवर वळ उठले. "भावाला भितोस तर बांगड्या भर," असे तो ठेकेदार म्हणाला. दुसऱ्या दिवशी भरतीच्या पाण्यात, दांडा झाकलेला असताना, गोमाजी दांड्याच्या उत्तर टोकाला उतरला. तो दिवस व पुढचा दिवस त्याने तेथे डुबी मारली. दोन पुरुष खोल विहीर झाली. भरतीबरोबर रेती येऊन खड्डा आपोआप भरेल, असा हिशेब त्याने मनाशी केला होता. खड्डा भरला नाही.

तिसऱ्या दिवशी पाहुणे आले. मारुती नावाचा कारखान्यातील कामगार आपल्या बहिणीला घेऊन आला होता. तिचे नाव मालन. ती सातारा जिल्ह्यातील कोरड्या गावची होती. तिच्यासोबत तिची नऊ वर्षांची मुलगी नंदा होती. माझ्यात बसण्यापूर्वी मालनने चप्पल काढून हातात घेतली आणि कोणी न सांगता माझ्या नाळेला नमस्कार केला.

"दादा, समिंदर म्हंत्यात तो ह्योच का?" तिने मारुतीला विचारले.

"न्हाई गं, ही खाडी."

"मग गावाकडं समिंदरच सांगायचा. तुझ्या दाजींना काय कळतंय! राणीच्या बागंत राणी दिसली न्हाई, वाघ दिसला त्यो बी निजलेला. एवढं तरी धड हुंद्या."

दामाजीसुद्धा हसला. त्याच्या कपाळावरची जखम अजून ओली होती.

दांडा उघडा पडला होता. माझ्यात एक लांब काठी असे. दर खेपेला पाहुणे उतरण्यापूर्वी दामाजी त्या काठीने कडेच्या पाण्याचा ठाव घेत असे. शपथ झाल्यापासून त्याने तसे करणे सोडले होते. भागीरथीने एकदा विचारलेही होते. तेव्हा तो म्हणाला होता, "काठी टाकली तर गोम्याला खोटा पारला. आयला खोटी पारली." मित्रांनो, त्या दिवशीही काठी माझ्या तळाशी आडवी पडून राहिली.

नंदा पाण्यातून उत्तरेकडे धावत गेली. पाणी तिच्या गुडघ्याला होते, मग मांडीला होते. मग नंदा नव्हती. एक हात वर आला. मालन किंचाळून धावली. तिला पोहता येत नव्हते. ती त्याच ठिकाणी गेली आणि तीही दिसेनाशी झाली.

दामाजीने माझ्यातून उडी घेतली. नंदाची वेणी त्याच्या हाताला लागली. त्याने तिला ओढून वाळूवर फेकले व पोटावर दाबून पाणी काढले. पुन्हा तो आत गेला. तीन वेळा गेला, तीन वेळा रिकामा वर आला. खड्ड्याच्या कडा ढासळत होत्या आणि पाणी गढूळ झाले होते. मारुती वाळूवर ऊर बडवीत होता.

जवळच गोमाजीची रेतीची बोट उभी होती. आरडाओरडा ऐकून गोमाजी पोहत आला. त्याने कोणाला काही विचारले नाही, इकडेतिकडे शोधले नाही. त्याने एकच डुबी मारली, सरळ एका जागी, आणि मालनला खांद्यावर घेऊन वर आला. तिच्या नाकातोंडात रेती भरली होती. ती गेली होती.

दामाजी गुडघाभर पाण्यात उभा राहून भावाकडे पाहत होता. इतक्या गढूळ पाण्यात ज्याला तळ पाठ आहे तोच सरळ जाईल. गोमाजीने मान खाली घातली.

तेवढ्यात मारुतीने माझे वल्हे उचलले. तो सौम्य प्रकृतीचा मनुष्य होता. त्याने दामाजीला पाठीत मारले, बरगड्यांवर मारले, तोंडावर मारले. "तुझ्या भरवशावर आणली होती रं! तुझ्या भरवशावर!" प्रत्येक फटक्याबरोबर तो तेवढेच म्हणे. दामाजीचे दोन दात वाळूवर पडले. बरगडी मोडल्याचा आवाज मी ऐकला. त्याने हात वर केला नाही. खड्डा कोणी पाडला, हे त्याने सांगितले असते तर वल्हे दुसरीकडे वळले असते. तो बोलला नाही. गोमाजी दहा पावलांवर होता. तोही बोलला नाही.

पंचनामा झाला. फाटक्या ओठांनी दामाजीने जबाब दिला, "ठाव घेतला नाय. चूक माझी." त्याच्याविरुद्ध खटला झाला, माझ्यातून माणसे नेण्यास बंदी झाली, आणि त्या दिवसापासून कोळीवाडा त्याला बाई बुडवणारा म्हणू लागला.

मालन गेल्यानंतर चौथ्या दिवशी दामाजी किनाऱ्यावर कुऱ्हाड घेऊन आला. छाती पट्टीने बांधलेली होती. गोमाजी तेथे येऊन उभा राहिला.

"दादा, मार," तो म्हणाला. "हाच तो हात." आणि त्याने उजवा हात माझ्या नाळेवर ठेवला.

"काढ."

"नाय काढत. तोर."

"तुझा हात तोरून ती बाई येल का? तिची पोर कोनाला आय बोलल?"

दामाजीने कुऱ्हाड उचलली. ती खाली आली ती गोमाजीच्या बोटांपासून वीतभर अंतरावर, माझ्या मस्तकात. दुसरा घाव, तिसरा घाव. प्रत्येक घावाबरोबर मोडलेल्या बरगडीमुळे दामाजीच्या तोंडून किंकाळी फुटत होती, तरी तो थांबला नाही. गोमाजीने हात काढला नाही. सागाच्या ढलप्या त्याच्या मनगटात घुसल्या. शेवटी माझी नाळ तुटून चिखलात पडली.

"आता कोन शपथ घेल?" दामाजी म्हणाला. "आता परत्येक जन काठी टाकल."

भावाशी बोललेले त्याचे ते शेवटचे शब्द होत. तो सन १९९६ साली वारला. तोपर्यंत दांडाही राहिला नव्हता. त्याची रेती इमारतींत गेली. दामाजीच्या अंत्ययात्रेत एका पोराने विचारले, "यानीच ती बाई बुडवली ना?" आणि कोणी त्याला नाही म्हटले नाही.

मी बिनमस्तकाची होडी अजून किनाऱ्यावर पालथी पडले आहे. माझी एकच विनवणी आहे. मित्रांनो, तुम्ही सुट्टीत कोठेही सहलीला जा, तळे असो, खाडी असो वा समुद्र असो. जो तुम्हाला पाण्यात उतरवतो, त्याला आधी काठी टाकायला सांगा. त्याला राग आला तरी सांगा. आणि पाण्याचा तळ उपसणाऱ्यांनो, वर कोणाचे तरी मूल धावत असते, हे विसरू नका. नंदाबाई आज जिथे कोठे असेल, तिला कळावे, की तिची आई दामाजीच्या चुकीने गेली नाही. त्याने भावावर विश्वास ठेवला होता.

होडीला लिहिता येत नाही, म्हणून तिच्या वतीने हे मी लिहिले. माझे शिक्षण इयत्ता पाचवीपर्यंत झाले आहे, शुद्धलेखनाच्या चुका पोटात घालाव्यात. दुसरी चूक पोटात घालावी असे मी म्हणत नाही. यातील गोमाजी तो मीच. खड्डा मी पाडला.

येथपर्यंत वाचलेत, त्याबद्दल सर्व वाचकांचे मनःपूर्वक आभार.

गोमाजी हिरू कोळी