एका माणसाला एकच खाना

कमलाकांतने पत्त्यांचं आणि पत्रांचं लग्न लावलं, त्या दिवशी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत त्याच्याइतका खूश माणूस दुसरा नसेल. म्हणजे झालं असं, की रंग बनवणाऱ्या त्याच्या कंपनीत शहाण्णव साली नवा काँप्युटर आला. त्यात एक प्रोग्राम पत्त्यांचा. कोण कुठे राहतो, फोन काय, वाढदिवस कधी, सगळं त्यात. दुसरा प्रोग्राम पत्रं लिहिण्याचा. दोघंही एकाच डब्यात राहायचे, पण जावा-जावांसारखे, एकमेकींशी बोलणं नाही. कमलाकांत ऑफिस सुपरिंटेंडंट. त्यानं पुस्तक वाचून, डोळे फोडून त्यांच्यात सोयरीक जमवली. आता पत्र एकदाच लिहायचं, आणि बटण दाबलं की ज्याच्या त्याच्या नावानिशी शेकड्यांनी छापून निघायचं. दिवाळीला मोठ्या साहेबांच्या शुभेच्छा अशाच गेल्या. साहेबांनी पाठ थोपटली आणि कमलाकांत जो हरभऱ्याच्या झाडावर चढला, तो उतरायला तयार होईना.

अशात त्याच्या मुलीचं, शकूचं लग्न ठरलं.

"निमंत्रणं काँप्युटरवर करायची," त्यानं घरी जाहीर केलं. "छापील पत्रिका सगळेच वाटतात. आपल्या पत्रात प्रत्येकाचं नाव."

त्याची बायको चंद्रकांता बोंबील निवडत बसली होती. ती म्हणाली, "करा काय ते. पण दादाकडं पोस्टानं नाय पाठवायचं. पयलं बोलावणं मामाच्या घरी, तुमी सोता जाऊन, नारळ घेऊन. आलेवाडी काय लांब हाय?"

दादू तिचा थोरला भाऊ. आलेवाडीला स्वतःची होडी, बोलणं कमी, मान मोठा. त्यांच्याकडे नवरीला मांडवात आणायची ती मामानं. मामा रुसला तर मुहूर्त टळेल, पण दुसऱ्या कोणी तिचा हात धरायचा नाही. आणि शकूला तर मामाशिवाय पान हलत नसे. लहानपणी होडीवर नेऊन तिला वल्हं धरायला त्यानंच शिकवलं होतं.

"जाऊ की," कमलाकांत म्हणाला. जाऊ की म्हणणारा माणूस कधी गेलाय? रविवारी ऑडिट आलं, पुढच्या रविवारी साहेबांचे पाहुणे आले. शेवटी त्यानं मनाशी म्हटलं, नारळ काय कोणीही ठेवतं. नावानिशी छापलेलं पत्र दादूच्या अख्ख्या आळीत कोणाला आलं नसेल. मान तो हाच. शहाणा माणूस चुकायचा ठरला की आधी स्वतःची अशी समजूत घालून घेतो.

त्यानं मजकूरही तीन केले. नातेवाइकांना जिव्हाळ्याचा, सरकारी लोकांना अदबीचा, आणि कंपनीला माल देणाऱ्यांना धंद्याचा. ज्याची नोंद ज्या खान्यात, त्याला तो मजकूर आपोआप जाणार. मग तो नातेवाईक भरायला बसला. दादूचं नाव टाकताच काँप्युटरनं विचारलं, हे नाव आधीच नोंदलेलं आहे, तेच ठेवायचं का? साहेबांच्या पाहुण्यांसाठी पापलेट दादूच द्यायचा, म्हणून कमलाकांतनंच त्याला केव्हातरी पुरवठादारांत घातलं होतं. एका माणसाला एकच खाना, असा त्या प्रोग्रामचा कायदा. कमलाकांतनं खाना बघितला नाही. नाव आहे ना, झालं तर, असं म्हणून त्यानं 'होय' दाबलं.

पत्र आलेवाडीला पोचलं तेव्हा दादू अंगणात फाटलेलं जाळं तुणत होता. सुनेनं मोठ्यानं वाचून दाखवलं. आपल्याकडून वेळेवर होणाऱ्या पुरवठ्याबद्दल आम्ही आभारी आहोत. आमची कन्या शकुंतला हिच्या विवाहास अगत्य यावे. आपले व्यावसायिक संबंध असेच दृढ राहोत. शेजारच्या दोन ओट्यांवरच्या बायकाही ऐकत होत्या. दादूनं सुनेला पत्र पुन्हा एकदा वाचायला लावलं, एवढंच.

हळदीला दादू आला नाही. त्याच्या घरचंही कोणी आलं नाही. चंद्रकांतानं नवऱ्याला कोपऱ्यात घेतलं. "तुमी गेलतात ना दादाकडं?"

"पत्र पाठवलंय," कमलाकांत म्हणाला. "त्याच्या नावाचं."

तिनं कपाळाला हात लावला. हळदीच्या घरात रडायचं नाही म्हणून ती मोरीत जाऊन रडली. शकूनं ते पाहिलं आणि सांगून टाकलं, "मामा नाय आला तर मी खोलीतनं भायेर येनार नाय." बापाला वाटलं, पोरगी बोलायचं म्हणून बोलते. आईला माहीत होतं की ती तसं बोलत नाही.

लग्नाच्या सकाळी बोईसरच्या हॉलवर सनई लागली. मोठे साहेब आले आणि दारातच म्हणाले, "कमलाकांत, पत्र फार छान! माझं नाव काय सुरेख आलंय!" कमलाकांत हसला, पण त्याचं लक्ष रस्त्यावर होतं. भटजी घड्याळ बघत होते. तेवढ्यात कोणीतरी सांगत आलं की दादू आलाय, मागच्या दारी आहे.

कमलाकांत धावत मागे गेला. आचाऱ्यांच्या चुलींपाशी दादू उभा होता. अंगावर रोजचा सदरा, पायाशी बर्फात घातलेल्या पापलेटांची टोपली.

"माल आनलाय, साहेब," दादू म्हणाला. "उतरून घ्या."

"दादूभाऊ, साहेब काय म्हणतोस! चल आत, शकू थांबलीय."

"मी पुरवठादार. मांडवात मामा लागतो. तो तुमी बोलावला असल."

कमलाकांत घाईनं समजावू लागला. खाने कसे असतात, मजकूर कसा जोडला जातो, नाव दोनदा का चालत नाही. जितकं समजावलं तितकं ते जास्त वाईट दिसू लागलं. शेवटी तो म्हणाला, "मशीनची चूक झाली रे."

"मशीनला काय म्हायती मी कोन तो?" दादूनं शांतपणे विचारलं. "कोनी तरी सांगितलं असल ना?"

गेल्या चार वर्षांत कमलाकांत आलेवाडीला किती वेळा गेला होता, ते त्याला आठवलं. दर वेळी साहेबांचे पाहुणे होते, दर वेळी त्याला मोठं पापलेट हवं होतं, आणि दर वेळी रिक्षा चालू ठेवून तो अंगणातूनच परतला होता. त्याला लाज वाटली, खरी लाज. मशीन बिचारं चुकलंच नव्हतं.

"मीच सांगितलं," तो म्हणाला.

दादूनं त्याच्याकडे बघितलं. मग चुलीजवळच्या बादलीत हात धुतले, कोपरापर्यंत, चोळून चोळून, सदऱ्याला पुसले आणि तो आत गेला. खोलीचं दार उघडलं. शकू मामाच्या गळ्यात पडून एवढी रडली की तिचं काजळ पुन्हा घालावं लागलं. दादूनं तिला हाताला धरून मांडवात आणलं, मुहूर्तावर अक्षता पडल्या, चंद्रकांताच्या जिवात जीव आला. पाठवणीला सगळ्यांत जास्त दादूच रडला.

लोक म्हणाले, लग्न थाटात झालं, कोणी रुसलं नाही, फुगलं नाही.

दादू त्यानंतरही कंपनीच्या दारी पापलेट आणतो. वेळेवर आणतो, तोलून देतो, एकही मासा शिळा नसतो. पूर्वी कमलाकांतला हाक मारताना तो भावजी म्हणायचा, आता साहेब म्हणतो. "बस, चहा घे," म्हटलं तर हसून सांगतो, "नको साहेब, दुसरीकडं पन माल द्यायचा हाय." आणि माल मिळाल्याची सही घेतल्याशिवाय जात नाही.