रांझीच्या फळ्यावरचे अकरा

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. शाळेतला नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो. माझ्यावर कधी कुणी पाढे लिहिले नाहीत. जबलपूरच्या रांझी भागात कारखान्यातल्या मराठी कामगारांचं एक मंडळ आहे. त्या मंडळाच्या ओसरीत मी टांगलेला असतो. त्र्याऐंशी साली भारतानं विश्वचषक जिंकला, त्या आनंदात लहानू सुतारानं मला घडवलं. कारखान्यात माल यायचा त्या खोक्यांच्या फळ्या त्यानं रंधल्या, सांधल्या, काळ्या रंगाचे दोन हात दिले आणि मंडळींना म्हणाला, "घ्या, आता भांडा लेकहो पोटभर!"

भांडण कसलं, तर जगातले सर्वांत मोठे अकरा क्रिकेटपटू कोणते याचं. दर रविवारी सकाळी पोहे आणि चहा आला की ते सुरू व्हायचं. माझ्यावर खडूनं अकरा नावं लिहिलेली असत. नियम एकच होता. नवं नाव लिहायचं असेल तर आधी एक जुनं नाव पुसायचं, तेही फडक्यानं नाही, सगळ्यांसमोर स्वतःच्या तळहातानं. नुसत्या तोंडानं कुणालाही संघाबाहेर काढता येतं हो. इथं भलेभले तावातावानं उठून यायचे, माझ्यापुढे हात उचलायचे आणि डोकं खाजवत परत जाऊन बसायचे. ब्रॅडमनला पुसायची तर आजवर कुणाची छाती झाली नाही. एकदा एकानं वॉर्नसाठी गावस्करला पुसलं, तेव्हा आमचे श्रीरंगभाऊ तीन रविवार फिरकलेच नाहीत. चौथ्या रविवारी आले, वॉर्नला पुसलं, गावस्करला जागेवर बसवलं आणि मगच बशी हातात घेतली.

रिकामटेकड्यांचा उद्योग, असं लोक म्हणायचे. म्हणोत बापडे! माझ्यावर कुणाचंच नाव कायमचं नव्हतं, म्हणून तर प्रत्येक नावासाठी कुणीतरी दर रविवारी उभं राहून बोलायचं. मला त्याचा भारी अभिमान होता.

पण खोटं कशाला बोलू? माझ्या ओसरीत एक अन्यायही बसलेला होता. विनताबाई कारखान्याच्या स्टोअरमध्ये नोकरीला होत्या. तरुणपणी महिला संघातून त्या मध्यमगती गोलंदाजी करत. त्यांना माझ्यावर झुलन गोस्वामीचं नाव लिहायचं होतं. त्यांनी विषय काढला की कुणीतरी हसून म्हणे, "बाई, पुढच्या रविवारी." असे पुढचे रविवार दहा वर्षं चालले. मला तोंड नाही, नाहीतर मीच ओरडलो असतो.

यंदा मंडळाला पन्नास वर्षं झाली. मधल्या काळात माझे दिवस फिरले होते. जुनी माणसं निवृत्त झाली, कुणी शहराच्या दुसऱ्या टोकाला, विजय नगरला राहायला गेलं, भांडणं मोबाइलवर होऊ लागली. माझ्या कडेला ओल धरली, कुणी बघितलं नाही. समारंभ ठरला तेव्हा मात्र सचिव शालिग्रामजींना माझी आठवण झाली. मला वाटलं, आता लाड होणार. झालं भलतंच. त्यांनी शनिवारी पेंटर बोलावला आणि त्या दिवशी माझ्यावर होती ती अकरा नावं पांढऱ्या ऑइलपेंटनं रंगवून घेतली.

"चलो, आता फायनल," शालिग्रामजी हात झटकत म्हणाले. "पाहुण्यांसमोर तमाशा नको. बहस खतम."

मित्रांनो, त्या रात्री मी चकचकीत दिसत होतो आणि आतून जळत होतो. मला जिवंतपणी पाटी करून टाकलं होतं, थडग्यावर असते तशी.

रविवारी सकाळी पाहुणे यायच्या आधी विनताबाई आल्या. हातात रंग काढायच्या तारपिनाची बाटली आणि पदर खोचलेला. ओसरीतल्या खुर्च्यांवर सगळे जुने भांडखोर इस्त्रीचे कपडे घालून बसले होते.

"बाई, हे काय करून राहिल्या तुम्ही?" शालिग्रामजी धावले. "पाहुणे रस्त्यात आहेत न!"

"माझा रविवार कधी यायचा आता, शालिग्रामजी?" विनताबाई म्हणाल्या. "तुम्ही तर फळाच बंद करून टाकला. इतकी वर्षं तुम्ही भांडले. आज मी भांडून राहिली."

श्रीरंगभाऊ जागेवरूनच म्हणाले, "भांडा न. पण नियम सर्वांना एकच. पुसता कोणाला, ते सांगा आधी."

"कपिल देवला."

विनताबाईंच्या स्टोअरच्या कपाटाला आतून कपिलचा फोटो चिकटवलेला असायचा, हे तिथं प्रत्येकाला ठाऊक होतं.

"त्यालाच काहून?" श्रीरंगभाऊंचा आवाज उतरला.

"गोलंदाज लिहायचा तर गोलंदाजच काढावा लागते, भाऊ. मी बोलिंग शिकली ती त्याचीच पाहून. दुसऱ्या कोणाला पुसलं असतं, तर मले काय लागलं असतं?"

त्यांनी तळहातावर तारपीन ओतलं आणि घासायला सुरुवात केली. रंग अजून पुरता वाळला नव्हता, तरी सहज निघेना. माझं अंग भाजत होतं, त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि आम्ही दोघंही हटलो नाही. नाव गेलं. त्या ओल्या डागाच्या कडेला, कोरड्या जागी, त्यांनी खडूनं लिहिलं, झुलन गोस्वामी.

शालिग्रामजी लाल झाले. मला वाटलं, आता ते मला उचलून अडगळीत टाकणार. ते माझ्यापुढे आले, त्यांनी चष्मा पुसला, नाव दोनदा वाचलं आणि गरजले, "पण झुलनच काहून? मिताली राज काहून नाही? धावा किती आहेत तिच्या, पाहा न जरा!"

अख्खी ओसरी एकदम बोलायला लागली. पाहुणे आले, हार घेऊन उभ्या राहिलेल्या माणसालाही भांडायचं होतं, म्हणून त्यांना दहा मिनिटं दारातच थांबावं लागलं.

मित्रांनो, तो डाग माझ्या अंगावर अजून आहे. तो झाकायला कुणी रंग घेऊन आलं तर मला मुळीच चालणार नाही. तुमच्याकडे माझ्यासारखा एखादा फळा असेल, तर त्याची ओल पुसा, त्याला वाळवी लागू देऊ नका, खडू संपला तर आणून ठेवा. आणि कुणी म्हणालं की आता सगळं ठरलंय, तर उठा आणि त्याच्यासमोर जाऊन उभे राहा. मी तर भिंतीवरून हलणार नाहीच.